रुमाल, तसबीर आणि कृत्तिकेचा संशय

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘झुंझारराव’ १८९० चे आणि ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ १८९३ चे. पहिले शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’चे रूपांतर. दुसऱ्याचा आधार आर्थर मर्फी या अठराव्या शतकातल्या आयरिश नाटककाराचे ‘ऑल इन द राँग’ हे सुखात्म नाटक. दोन्हींचा विषय एकच आहे, निरपराध बायकोवर नवऱ्याने घेतलेला संशय. दोन्हींत एक लहानशी वस्तू या हातातून त्या हातात जाते आणि अनर्थ माजवते. तिकडे रुमाल, इकडे तसबीर. एका नाटकाच्या शेवटी नवरा बायकोचा गळा दाबतो. दुसऱ्यात प्रेक्षक पोट धरून हसतो, आणि घरी जाताना आपल्याही घरातल्या एखाद्या फाल्गुनरावाची आठवण काढतो.

एकाच लेखकाने तीन वर्षांच्या अंतराने एकाच दुखण्याची दोन नाटके मराठीत आणली, या गोष्टीकडे आपल्या समीक्षेने म्हणावे तसे लक्ष दिलेले नाही. ‘झुंझारराव’चा विचार शेक्सपिअरच्या मराठी अवतारांच्या प्रकरणात होतो. ‘फाल्गुनराव’चा विचार १९१६ साली त्याचे ‘संगीत संशयकल्लोळ’ झाले त्या अंगाने, म्हणजे मुख्यतः पदांच्या अंगाने होतो. दोन कप्पे वेगळे पडले. माझ्यासारख्या विद्यापीठाबाहेरच्या वाचकाला कप्प्यांची शिस्त नसते, त्यामुळे ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचावीशी वाटली. वाचताना एक प्रश्न सुटेना. संशय तोच, वस्तू तशीच, मग एकीकडे मरण आणि दुसरीकडे हसू का?

सोपे उत्तर असे की एक शोकांतिका आहे आणि दुसरे प्रहसन. पण हे उत्तर नव्हे, ही नुसती पाटी झाली. इंग्रजीत टॉमस रायमर नावाच्या समीक्षकाने १६९३ मध्ये, म्हणजे ‘फाल्गुनराव’च्या बरोबर दोनशे वर्षे आधी, ‘ऑथेल्लो’ला रक्तबंबाळ प्रहसन म्हणून हिणवले होते. एका रुमालापायी एवढे रामायण कशाला, असा त्याचा सवाल होता. रायमरची गणना मोठ्या समीक्षकांत होत नाही, पण त्याच्या चेष्टेत एक खरी गोष्ट आहे. ‘ऑथेल्लो’ची सगळी सामग्री प्रहसनाचीच आहे. मग त्याचे प्रहसन होत नाही ते कशामुळे?

प्रस्तुत लेखात मी एक उत्तर मांडणार आहे. ‘फाल्गुनराव’मध्ये बायकोलाही संशय घेता येतो, ‘झुंझारराव’मध्ये येत नाही. हसू आणि मरण यांतला फरक इथून सुरू होतो.

एका कथानकाचा प्रवास

मूळ कथानक मोलिएरचे. १६६० मध्ये पॅरिसला त्याने ‘स्गानारेल’ नावाची एकअंकी पद्य सुखात्मिका रंगभूमीवर आणली आणि स्गानारेलची भूमिका स्वतः केली. नाटकाचे उपशीर्षकच सांगते की बायकोने फसवल्याची या नवऱ्याची समजूत काल्पनिक आहे. सेली नावाच्या तरुणीचे लेली नावाच्या तरुणावर प्रेम आहे, पण बाप तिचे लग्न दुसऱ्या, पैसेवाल्या घरात ठरवतो. प्रियकराची तसबीर बघता बघता तिला भोवळ येते, तसबीर हातातून पडते. जवळून जाणारा स्गानारेल तिला सावरतो. त्याची बायको खिडकीतून बघते, तिच्या दृष्टीने नवऱ्याच्या मिठीत परकी बाई आहे. ती खाली येईपर्यंत दोघेही तिथून गेलेले असतात, पण तसबीर पडलेली असते. ती उचलते आणि तसबिरीतल्या देखण्या चेहऱ्याकडे कौतुकाने बघत राहते. तेवढ्यात नवरा परत येतो आणि बायकोच्या हातात परक्या पुरुषाची तसबीर पाहतो. पुढे ती तसबीर स्गानारेलच्या हातात लेलीला दिसते आणि त्याला वाटते, सेलीने या माणसाशी लग्न केले. अशा रीतीने चार माणसे चार खोट्या गोष्टींवर ठाम विश्वास ठेवून एकमेकांवर तुटून पडतात.

हे कथानक एका शतकाने लंडनला गेले. आर्थर मर्फी नट होता, पत्रकार होता, पुढे वकीलही झाला. त्याचे पाच अंकी ‘ऑल इन द राँग’ १७६१ च्या उन्हाळ्यात ड्रुरी लेन नाट्यगृहात झाले. मोलिएरचा सामान्य गृहस्थ मर्फीने सरदार घराण्यात नेऊन बसवला. सर जॉन रेस्टलेस आणि लेडी रेस्टलेस ही त्यांची नावे, म्हणजे स्वस्थता या जोडप्याच्या नशिबातच नाही. मर्फीने आणखी प्रेमिक वाढवले आणि संशयाची लागण घराघरांत पसरवली. नाटकाच्या नावाप्रमाणे सगळेच चुकीचे, कोणीच बरोबर नाही.

देवलांनी हे उचलले तेव्हा दोन कामे केली. पहिले नावांचे. पात्रांना त्यांनी मराठी महिन्यांची आणि नक्षत्रांची नावे दिली. फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, गडी भादव्या. आणि बायकांत कृत्तिका, रेवती. बारा महिने आणि त्यांवर फिरणारी नक्षत्रे, असा सगळा पंचांगाचा संसार. वर्षाचा शेवटचा महिना फाल्गुन, म्हणून वयाने पुढे गेलेल्या नवऱ्याला ते नाव शोभते. फाल्गुनात शिमगा येतो आणि या घरात तो बारमाही आहे, हेही प्रेक्षकाला सांगावे लागत नाही. दुसरे काम जास्त मोलाचे, ते रेवतीबद्दल आहे. त्याकडे पुढे येऊ.

संशयाची दोन टोके

आता घटना बघू. रस्त्यात रेवतीला चक्कर येते, फाल्गुनराव तिला सावरतो, कृत्तिका ते पाहते. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते. ती तसबीर तिच्याजवळ फाल्गुनराव पाहतो. इथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की कोणी खोटे बोलत नाही, कोणी कारस्थान रचत नाही. नवऱ्याने जे पाहिले ते खरे आहे. बायकोने जे पाहिले तेही खरे आहे. दृश्य खरे, त्याचा लावलेला अर्थ तेवढा खोटा.

‘ऑथेल्लो’मध्ये अर्थ लावून देणारा एक माणूस आहे. इयागो रुमाल मिळवतो, हव्या त्या ठिकाणी टाकतो, आणि मग ऑथेल्लोला बघायला सांगतो. ‘फाल्गुनराव’मध्ये तसबीर आपोआप पडते. खलपुरुषाची गरजच उरत नाही, कारण प्रत्येक जण स्वतःचा इयागो आहे. हा फरक बहुतेकांच्या ध्यानात येतो आणि प्रहसन हलकेफुलके होण्याचे श्रेय त्याला दिले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. खलपुरुषाशिवायही नुसत्या गैरसमजातून माणसे मेलेली आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो.

खरा फरक बायकोच्या बाजूला आहे. डेस्डिमोना नवऱ्यावर एकदाही संशय घेत नाही. तो तिला सर्वांसमक्ष मारतो, तरी ती दोष स्वतःकडे किंवा राज्यकारभाराच्या काळजीकडे वळवते. तिच्याजवळ केवळ खरेपणा आहे, आणि नुसत्या खरेपणाला त्या घरात किंमत नाही. गंमत अशी की शेक्सपिअरने संशय घेणारी बाई त्याच नाटकात ठेवली आहे. ती बियांका, कॅसिओच्या नादी लागलेली वारांगना. कॅसिओ तिला तोच रुमाल देतो तेव्हा ती ताडकन विचारते की हा दुसऱ्या कोणत्या बाईने दिला. तिचा संशय अगदी प्रहसनातला आहे. ती भांडते, रुसते, आणि लगेच जेवायला बोलावते. आणि इयागोची बायको एमिलिया एका प्रसंगी शांतपणे म्हणते की बायकांनाही नवऱ्यांसारखीच इंद्रिये असतात, हे नवऱ्यांनी ध्यानात ठेवावे. म्हणजे बरोबरीची भाषा त्या नाटकात आहे, पण ती वारांगनेच्या आणि दासीच्या तोंडी आहे. सरदाराच्या बायकोच्या तोंडी ती आली असती, तर डेस्डिमोनाने रुमालाबद्दल उलट जाब विचारला असता. भांडण झाले असते. कदाचित खून झाला नसता.

कृत्तिका तो जाब विचारते. फाल्गुनराव आपला संशय बोलायला तोंड उघडतो तोवर हिचा संशय तयार असतो. तो पाळत ठेवतो, ही उलटतपासणी घेते. गडी भादव्या दोघांच्या कात्रीत सापडतो. दोघांच्या हातात सारखेच शस्त्र असल्यामुळे कोणाचाच वार पुरा बसत नाही, आणि प्रेक्षक निर्धास्तपणे हसू शकतो. प्रहसनातली दोन पात्रे एकमेकांना तोलून धरतात, हा तंत्राचा भाग झाला. पण इथे तराजूच्या एका पारड्यात नवरा आणि दुसऱ्यात बायको आहे, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही पारडी सारखी करणे म्हणजे केवळ तंत्र नव्हे.

हे पटण्यासाठी मोलिएरचीच उलटी साक्ष काढता येते. १६६८ च्या ‘जॉर्ज दांदँ’ या नाटकात बायको खरोखरच परपुरुषाशी संधान बांधते. पैसेवाला शेतकरी नवरा तिला रंगेहाथ पकडायला जातो आणि दर वेळी त्यालाच सासू-सासऱ्यांसमोर माफी मागावी लागते. तिथे नवरा बरोबर आहे आणि तरी हरतो. त्या नाटकाला लोक हसतात, पण ते हसू घशात अडकते. पारडे एका बाजूला गेले की सुखात्मिका कडू होते, मग खाली गेलेले पारडे नवऱ्याचे असो की बायकोचे.

कायद्यात नसलेला हक्क

कृत्तिकेचा संशय तिच्या काळात ठेवून बघितला पाहिजे. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतले कलम ४९७ व्यभिचाराबद्दल होते. त्याखाली गुन्हेगार ठरत असे तो परक्याच्या बायकोशी संबंध ठेवणारा पुरुष, आणि तोही त्या बाईच्या नवऱ्याची संमती नसेल तर. तक्रार करण्याचा हक्क नवऱ्याचा. बायकोला शिक्षा नव्हती, आणि आपल्या नवऱ्याविरुद्ध तक्रार करण्याचा हक्कही नव्हता. म्हणजे फाल्गुनरावाने तसबिरीतल्या अश्विनशेठवर फिर्याद करायची ठरवली असती तर त्याला कायद्याचे दार होते. कृत्तिकेने रेवतीच्या बाबतीत काही करायचे म्हटले असते तर तिला कोणतेच दार नव्हते.

एवढ्यावर भागत नाही. हिंदू पुरुषाला त्या काळी दुसरे लग्न करायला मोकळीक होती. मुंबई प्रांतात द्विभार्या प्रतिबंधाचा कायदा १९४६ मध्ये आला आणि देशभर हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये. आणि नवऱ्याने नायकिणीकडे जाणे ही गोष्ट प्रतिष्ठित घरांतूनही डोळ्यांआड केली जाई. अशा वेळी एका गृहिणीने रस्त्यात नवऱ्याला परक्या बाईला सावरताना पाहिले, तर तिने काय करावे अशी रीत होती? गप्प बसावे, देवाला नवस बोलावा, सवत आली तर तिच्याशी जुळवून घ्यावे. कृत्तिका यातले काही करत नाही. ती नवऱ्याकडून तेवढ्याच एकनिष्ठेची मागणी करते जेवढी तो तिच्याकडून करतो. तिच्या मागणीला कायद्यात नाव नव्हते, धर्मशास्त्रात नव्हते. होते ते फक्त नाटकात, आणि तिथेही हशाच्या आडोशाने.

१८९३ च्या आसपासचे पुण्या-मुंबईचे वातावरण आठवावे. दादाजी भिकाजी आणि रखमाबाई यांचा खटला १८८४ पासून १८८८ पर्यंत गाजला. बालपणी लग्न झालेल्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास रखमाबाईंनी नकार दिला, आणि नांदा नाहीतर तुरुंगात जा, असा निवाडा १८८७ मध्ये झाला. संमतिवयाचा कायदा १८९१ मध्ये आला, त्यात वय दहावरून बारा झाले, आणि एवढ्यावरून केवढे रण माजले हे सर्वश्रुत आहे. विवाहात बाईची इच्छा मोजायची की नाही, हाच त्या दशकाचा वाद होता. देवलांनी त्यावर गंभीर नाटक पुढे लिहिलेच, ते १८९९ चे ‘शारदा’. त्यात म्हाताऱ्या वराच्या गळ्यात बांधली जाणारी मुलगी आहे. पण ‘शारदा’च्या सहा वर्षे आधी, वादाची धूळ उडत असतानाच, त्यांनी कृत्तिकेला रंगभूमीवर उभे केले आणि नवऱ्याला जाब विचारायला लावला. वादात दोन्ही बाजूंनी बाई हा चर्चेचा विषय होती, ती स्वतः बोलत नव्हती. इथे ती बोलते, तारस्वरात बोलते, चुकीचे बोलते. चुकीचे बोलण्याचा हक्क हाही हक्कच आहे, आणि तो तोवर बहुतांशी नवऱ्यांच्याच ताब्यात होता.

देवलांनी हे ठरवून केले असा माझा दावा नाही. बरोबरीची रचना मोलिएरपासूनची आहे. पण रूपांतरकार जे उचलतो आणि जे बदलत नाही, त्यातही त्याची निवड असते. मराठी प्रेक्षकाला रुचावे म्हणून देवलांनी पुष्कळ काही बदलले. कृत्तिकेची जीभ मात्र आखडली नाही.

चाळिशीनंतरचा शृंगार

आणखी एक बारकावा. फाल्गुनराव कसला संशय घेतो? तसबिरीतला माणूस तरुण आणि देखणा आहे. स्वतःच्या ओसरत्या वयाकडे आणि तसबिरीतल्या चेहऱ्याकडे आळीपाळीने बघणाऱ्या माणसाला बायकोचा भरवसा राहिलेला नसतो असे नाही; त्याला स्वतःचा भरवसा राहिलेला नसतो. मध्यमवयीन नवऱ्याच्या संशयाचे मूळ बहुधा आरशात असते. कृत्तिकेचेही तेच. रेवती तरुण आहे.

म्हणून मला फाल्गुनराव आणि कृत्तिका हे भांडकुदळ जोडपे वाटत नाही. ज्या संसारात लग्न आईबापांनी ठरवले, प्रेमाचे शब्द दिवसाढवळ्या बोलायची सोय नव्हती, तिथे ‘तू माझाच असला पाहिजेस’ हे सांगायला एकच भाषा उरली होती, ती संशयाची. जो नवरा बायकोच्या वाऱ्यावरही पाळत ठेवतो तो तिच्याबद्दल उदासीन नसतो. प्रौढ वयातला शृंगार या जोडप्याने भांडणात लपवला आहे. मोलिएरच्या नाटकात हा रंग फिका आहे, स्गानारेलला मुख्यतः अब्रूची चिंता आहे. चिलखत चढवून तो सूड घ्यायला निघतो आणि प्रतिस्पर्धी समोर दिसताच पावसासाठी घातल्याची थाप मारतो. फाल्गुनरावाचा जीव अब्रूपेक्षा घरात जास्त गुंतलेला आहे.

रेवती

आता देवलांच्या दुसऱ्या बदलाकडे येऊ. मर्फीची बेलिंडा कुलीन घरची मुलगी आहे. देवलांची रेवती नायकिणीची मुलगी आहे. असे का करावे लागले, त्याचे एक व्यवहारी कारण उघड आहे. १८९३ च्या पांढरपेशा मराठी घरात प्रेमात पडायच्या वयाची अविवाहित मुलगीच नव्हती. दहा-बाराव्या वर्षी लग्न झालेले असे. एकटीने रस्त्यात फिरणारी, आपल्या मनाने पुरुष निवडणारी, त्याची तसबीर जवळ बाळगणारी तरुणी दाखवायची, तर ती कुळाबाहेरचीच असायला हवी.

पण कारण व्यवहारी असले तरी परिणाम खोल झाला. बेलिंडावरचा संशय फिटला नसता तर तिचे एक लग्न मोडले असते, दुसरे ठरले असते. रेवतीवरचा संशय फिटला नाही तर तिला परत आईच्या धंद्यात जावे लागेल. अश्विनशेठ तिच्याशी लग्न करू इच्छितो, हे तिचे एकच दार आहे. आणि तिच्यावर संशय घेणे किती सोपे! फाल्गुनरावाच्या हातात आपली तसबीर दिसताच अश्विनशेठला जे वाटते, त्यात तिच्या जन्माचा वाटा आहे. कुलीन बाईवर संशय घ्यायला पुरावा लागतो, नायकिणीच्या मुलीवर संशय आधीच असतो, पुराव्याची नुसती वाट पाहायची असते. सगळ्या कल्लोळात सर्वांत जास्त गमावण्यासारखे जिच्याकडे आहे ती ही मुलगी. प्रहसनाच्या पोटात देवलांनी एक खरा धोका ठेवून दिला तो असा.

इथे देवलांचे आणखी एक रूपांतर आठवते, शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’. वसंतसेनाही गणिका, तिचीही निष्ठा एका सज्जनावर. संस्कृत नाटकाच्या अखेरीस नव्या राजाच्या आज्ञेने तिला वधूपद मिळते, म्हणजे राजसत्तेने तिच्यावरचा शिक्का पुसला. रेवतीसाठी राजा नाही. तिच्यावरचा शिक्का एका माणसाच्या विश्वासाने पुसला जायचा आहे, आणि तो माणूस नाटकभर डळमळतो. ‘ऑथेल्लो’तला रुमाल आणि वसंतसेनेची निष्ठा, या दोन गोष्टी देवलांच्या हाताखालून आधी गेल्या होत्या. ‘फाल्गुनराव’मध्ये त्या एकत्र आल्या. बियांका तिथे गौण होती, इथे ती नायिका झाली, आणि या वेळी तिच्या खरेपणाला किंमत मिळाली.

पदे कोणाला, गद्य कोणाला

देवल १९१६ च्या जूनमध्ये वारले. त्याच साली गंधर्व नाटक मंडळीने ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव हे त्या प्रयोगाचे वैभव. गद्य नाटक संगीत झाले तेव्हा त्याचा तोल थोडा हलला, हे नोंदवायला हवे. गाजली ती पदे मुख्यतः रेवती आणि अश्विनशेठची. तरुण जोडप्याला सूर मिळाला, प्रौढ जोडप्याला गद्य. प्रेक्षकाने घरी नेले ते गाणे. रेवती मोठी झाली हे चांगलेच झाले, कारण धोका तिचा होता. पण कृत्तिका त्या मानाने आडोशाला गेली. बोडसांच्या फाल्गुनरावाची आठवण पिढ्यांनी सांगितली. कृत्तिकेच्या भूमिकेची तशी आख्यायिका मराठी नाट्यसृष्टीत नाही. दोन पारड्यांपैकी एकच लक्षात राहिले, आणि नाटक ‘संशयी नवऱ्याची गंमत’ म्हणून ओळखले जाऊ लागले.

पुढच्या वाटा

या वाचनाची कसोटी पुढच्या नाटकांवर घेता येते. आचार्य अत्र्यांचे ‘लग्नाची बेडी’ १९३६ चे. तिथे संशय नाही, भूल खरी आहे. रश्मी या मोहक तरुणीमागे विवाहित पुरुष लागतात आणि शेवटी आपापल्या घरी परततात. मधल्या त्रेचाळीस वर्षांत शहरी मराठी घर बदलले होते, शिकलेली बायको आली होती, त्यामुळे अत्र्यांना खऱ्या मोहापर्यंत जाण्याचे धाडस करता आले. पण मोह नवऱ्यांचा. बायकांच्या वाट्याला त्यांना परत आणण्याचे काम. देवलांच्या नाटकात निदान संशयापुरती बरोबरी होती. मोह येताच ती गेली, आणि जे हसू आले ते जास्त खुले असले तरी एकतर्फी आहे.

अत्र्यांचेच ‘तो मी नव्हेच’ १९६२ चे, एका खऱ्या खटल्यावर बेतलेले. लखोबा लोखंडे वेगवेगळी नावे घेऊन बायकांना फसवतो. फिरत्या रंगमंचावर त्याची सोंगे एकामागून एक येतात आणि प्रभाकर पणशीकरांनी ती हजारो प्रयोगांत केली. आता द्विभार्या हा गुन्हा झालेला आहे, म्हणून गोष्ट न्यायालयात आली आहे. ज्या जाबाला कृत्तिकेच्या काळी कोर्ट नव्हते, तो आता साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून विचारला जातो. पण प्रेक्षकगृहात हशा पिकतो तो लखोबाच्या हजरजबाबीपणावर. त्या बायका विश्वास ठेवून फसल्या. त्यांनी कृत्तिकेसारखा वेळीच संशय घेतला असता तर हे नाटक प्रहसन झाले असते. विश्वास ठेवला म्हणून ते न्यायालयीन नाट्य झाले. डेस्डिमोनाचे जे झाले तेच, फक्त मरण टळले.

कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवले. बायकोला नवऱ्याची मालमत्ता समजणाऱ्या कल्पनेला न्यायालयाने जाहीरपणे नाकारले. दीडशेहून अधिक वर्षे कायद्यात जी असमानता होती, ती एका प्रहसनाने १८९३ मध्येच अडीच-तीन तासांपुरती बाजूला ठेवली होती, हे आठवून मौज वाटते.

मात्र इथे थोडे सावध राहायला हवे. रंगभूमीवरची बरोबरी आणि घरातली बरोबरी एक नव्हे. फाल्गुनरावाचा संशय शेवटपर्यंत टिकला असता तर तो कृत्तिकेला माहेरी पाठवू शकला असता, दुसरी करू शकला असता. कृत्तिकेचा संशय टिकला असता तर तिने जावे कुठे, याचे उत्तर नाटकात नाही. तिला संशय मिळाला, त्यापुढची वाट मिळाली नाही. पडदा पडतो तेव्हा सगळे हसतात आणि घर पूर्ववत होते, ते कृत्तिकेसाठीही पूर्ववतच. प्रहसनाची ही मर्यादा आहे आणि ती देवलांच्या काळाचीही आहे. पण काळाने न दिलेली गोष्ट निदान बोलून दाखवायची मुभा देवलांनी तिला दिली. एवढे श्रेय त्यांना द्यायला माझ्या मते समीक्षेने उशीर केला आहे.

आज ‘संशयकल्लोळ’चे प्रयोग होतात तेव्हा वेळेसाठी संहिता कापावी लागते, हे समजण्यासारखे आहे. गाण्यांसाठी येणारा प्रेक्षक गाणे कमी झालेले खपवून घेत नाही, म्हणून कात्री गद्यावर चालते. दिग्दर्शकांना एकच विनंती करावीशी वाटते. फाल्गुनरावाच्या चार फिरक्या गेल्या तरी हरकत नाही, त्या प्रेक्षकाला पाठ आहेत. कृत्तिकेचे संवाद मात्र राहू द्यावेत आणि ते एखाद्या कसलेल्या नटीला द्यावेत. ती गप्प झाली तर फाल्गुनरावाच्या हातातली तसबीर आणि झुंझाररावाच्या हातातला रुमाल यांत फारसे अंतर उरत नाही.